खिडकीतला काळा दगड

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलगी काही चाटते का, आणि मी नाही म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. माती, भिंतीचे पोपडे, खडू? नाही, तसल्या सवयी नाहीत तिला, मी घर फार स्वच्छ ठेवते. हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं. पिनू माझ्या मांडीवर बसून टेबलावरच्या कागदाचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती, आणि त्या कागदावर तिच्या रक्तातल्या शिशाचा आकडा होता. एकोणपन्नास. तो पाचाच्या आत असावा लागतो, असं बाई म्हणाल्या. घरात कुणी बॅटऱ्यांचं, रंगाचं काम करतं का? आम्ही सोनं काढतो, मी म्हटलं. त्यांना वाटलं, सोनार. मग सांगावं लागलं, की तसं नाही, जुन्या कॉम्प्युटरमधलं, मोबाइलमधलं, हिरव्या पाट्यांच्या कडेला जो पिवळा मुलामा असतो ना, तो ऍसिडमध्ये विरघळवून परत गोळा करतो. सांगताना माझ्या आवाजात नेहमीचा तो थोडासा तोरा आला, तो मलाच ऐकू आला. बाईंनी पिनूचा कागद हळूच तिच्या हातातून सोडवला. "किती शब्द बोलते ही?" मी तयारच होते. चार, म्हटलं. आई, दे, नको आणि गोड. चौथा शब्द मी जरा ठासून सांगितला, कारण आधीचे तीन काय, कुठलंही पोर बोलतं, पण गोड म्हणजे चव कळते, फरक कळतो, असा माझा हिशेब. "दोन शब्द जोडते का? आई ये, दूध दे, असं?" जोडणारच होती, मी म्हटलं. साडेतीन वर्षांच्या मुलीबद्दल हे उत्तर मी दिलं, आणि बाईंनी तेही लिहून घेतलं.

मग त्यांनी औषधाचं सांगितलं. हे औषध शिशाला धरतं, म्हणाल्या, आणि लघवीवाटे बाहेर काढतं. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते मी कुणाला सांगू शकणार नाही. हे तर आमचंच काम. विरघळलेलं शोधायचं, त्याला धरणारी योग्य वस्तू घालायची आणि वेगळं काढायचं. मी आयुष्यात दुसरं काही शिकले नाही, पण एवढं मला येतं. मी विचारलं, म्हणजे सगळं निघेल? रक्तातलं, बाई म्हणाल्या. आणि बाकीचं? त्यांनी पेनाला टोपण लावलं. हाडांत बसलेलं पुन्हा पुन्हा रक्तात उतरतं, पुन्हा औषध द्यावं लागतं. "आणि डोक्याचं म्हणाल, तर..." एवढं म्हणून त्या पिनूकडे बघून हसल्या, जसं आपण दुसऱ्याच्या मुलाकडे बघून हसतो. "आधी ते येतंय कुठून ते शोधा. ते थांबलं नाही तर मी कितीही औषध दिलं तरी व्यर्थ."

पिनू हे नाव तिच्या बाबाने ठेवलं. जन्मली तेव्हा इतकीशी होती, आणि उजेडात तिच्या कानशिलावरची लव अशी चमकली, की तो म्हणाला, ही तर आपली पिन, वरून सोन्याचा मुलामा. खरं नाव फक्त दवाखान्याच्या कागदावर आहे. येताना ती माझ्या खांद्यावर झोपली. तिचा श्वास मानेला लागत होता आणि मी डोळ्यांनी नुसतं शोधत चालले होते. रस्त्यावरची धूळ? नळाचं पाणी? लाल चेंडू? प्रत्येक वस्तूवर संशय घ्यायचा आणि पुढे जायचं. जिना चढून खोलीत आले, तिला खाली ठेवलं, चपला काढायला वाकले, तोवर ती खिडकीपाशी गेलीसुद्धा. तिथे प्रिंटरचं एक खोकं पालथं ठेवलेलं असतं. ती त्यावर चढली, दोन हातांनी दोन गज धरले, हनुवटी खिडकीच्या काळ्या दगडावर टेकवली आणि जीभ काढून त्या दगडावरून डावीकडून उजवीकडे नेली. सावकाश, पाकिटाचं तोंड चिकटवताना नेतात तशी. मग माझ्याकडे वळली आणि सांगितलं, "गोड."

मी हे रोज पाहत होते. हे आता लिहितानाही बोट अडखळतं, पण रोज पाहत होते. पहिल्यांदा ती असं म्हणाली तेव्हा मला वाटलं, खोटं खोटं खातेय. मुलं नाही का, रिकाम्या वाटीतून चमचा भरून आपल्या तोंडाशी आणतात आणि आपणही मान हलवून वा वा करतो. तिने दगडावरून बोट फिरवून माझ्यापुढे धरलं होतं आणि मी त्या बोटाचा पापा घेतला होता, म्हणाले होते, अय्या, किती गोड! शिवाय खाली आमच्याकडे कामाला असलेल्या मावशींना जाऊन सांगितलंही होतं, की आज एक नवा शब्द आला.

ती खिडकी म्हणजे तिला वाचवायची आमची युक्ती होती. आमची खोली वर, आणि खाली मागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला काम. नवरा पाट्या तव्यावर उलट्या टाकतो. तवा म्हणजे जाड लोखंडी पत्रा, खाली शेगडी. डाग दिलेलं शिसं वितळलं, की पाटी उचलून आपटायची, सुटे भाग टपटप गळून पडतात. मावशी पकड घेऊन पिना आणि कडा तोडतात. मास्तर, म्हणजे पूर्वी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे ते, ऍसिडचं बघतात. आणि मी थेंब बघते. सोनं ऍसिडात गेलं की दिसत नाही. मग मास्तर त्यात पांढरी पूड घालतात आणि ते तळाशी बसतं, तपकिरी गाळ होऊन. कुणी अनोळखी माणसाने पाहिलं तर मोरीत ओतून देईल. "सोनं असं चिखलासारखं दिसतं," मास्तर म्हणतात, "आणि चिखल सोन्यासारखा, म्हणून तर देवाने मला चष्मा दिला." गाळ बसला तरी वरचं पाणी लगेच फेकायचं नाही. त्यातला एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्यायचा, त्यावर कथलाच्या पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि थांबायचं. जांभळं उमटलं, तर पाण्यात अजून सोनं आहे. काही उमटलं नाही, तर पाणी रिकामं. जांभळ्याची सगळ्यात पुसट छटा, जी या तिघांच्या डोळ्यांना दिसत नाही, ती मला दिसते. म्हणून कागद माझ्याकडे येतो. मी बघते आणि सांगते, आहे अजून, थांबा. किंवा, नाही, फेका.

या सगळ्यात लहान मुलगी नको म्हणून ती वर. दाराला बाहेरून कडी, खिडकीला गज. सुरुवातीला फार रडायची. मग तिच्या बाबाने ते खोकं आणून ठेवलं, त्यावर चढली की मी तिला दिसायचे, मग रडणं थांबलं. मी दर थोड्या वेळाने मान वर करायची, ती गजातून हात काढायची. "सुपरवायझर आल्या बघ," मावशी म्हणायच्या, "हात चालवा रे, वरून लक्ष आहे!" आणि नवरा खालून सलाम ठोकायचा. ती खिदळायची. त्या वेळी तिच्याकडे तेवीस शब्द होते, मी मोजले होते. मांजर, दिवा, पाणी, बाबा, चप्पल, एक काहीतरी होता तो फक्त तिला आणि मला कळायचा. ते कधी गेले? एकदम जाते तर कळलं असतं. एखादा शब्द आठवडाभर ऐकला नाही की मी मांजराचं चित्र पुढे धरायची, हे काय गं? ती चित्राकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि त्या बघण्यात काहीतरी हलायचं. मला वाटायचं, आहे अजून, थांबा. पुढे पुढे ते हलणंही पुसट झालं. मी चित्र धरून बसायची, जशी कागद धरून बसते, आणि स्वतःलाच सांगायची, की पुसट छटा फक्त मला दिसते, इतरांना नाही दिसली तरी असते.

धूर वर यायचा. त्याची राखाडी काजळी खिडकीच्या काळ्या दगडावर बसायची, बोट फिरवलं तर बोट काळं. तिच्या हनुवटीला लागायची. मावशींनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, की डाग दिलेल्या पाट्यांनी हात काळवंडले तर साबणाने जात नाहीत, व्हिनेगर चोळायचं, लख्ख होतात. खरंच होतात. मी त्याच्या एक पाऊल पुढे गेले. बाटली वर आणली, एक फडकं केलं आणि सकाळ-संध्याकाळ तो दगड पुसायला लागले. काजळी झटकन निघायची, दगड आरशासारखा. वाळला की त्यावर एक पांढरट पापुद्रा यायचा, पिठासारखा, कधी बारीक सुयांसारखा. मला वाटायचं व्हिनेगरचाच डाग, म्हणून वर आणखी व्हिनेगर. नवरा थट्टा करायचा, "अगं, दगड झिजेल." मी म्हणायचे, झिजू दे, माझ्या लेकीची हनुवटी टेकते तिथे.

त्या दुपारी मी तिला खोक्यावरून उचललं, तिचं तोंड ओल्या कापडाने पुसलं, पुन्हा पुसलं, जीभ पुसली, तेव्हा ती ओरडली, नको. मग तिला पाळण्यातला जुना खुळखुळा दिला, एका कागदावर दगडावरचं पांढरं सुरीने खरवडून घेतलं, पुडी बांधली आणि खाली गेले. नवरा माल आणायला गेला होता. मास्तर चष्मा कपाळावर चढवून काचेचं भांडं धुत होते. "मास्तर, हे काय असेल?" त्यांना कुणी काही विचारलं की आवडतं, तिथे दुसरं कोण विचारणार? हात कोरडे केले, पुडी उजेडाकडे नेली. "कुठं सापडलं वहिनी?" मी म्हटलं, असंच, काजळी व्हिनेगरने पुसली की हे उरतं. "कुठली काजळी, तव्याची? मग सोप्पं आहे. तव्याच्या काजळीत शिसं. शिशाला व्हिनेगर लागलं की हे मीठ पडतं. अहो, मी पोरांना वर्गात ही गोष्ट सांगायचो, एरवी पेंगणारी पोरंसुद्धा कान टवकारायची. जुन्या काळी ह्याला शिशाची साखर म्हणत. दारू आंबट झाली की चिमूटभर घालायची आणि शहाणे लोक मिटक्या मारत प्यायचे."

"म्हणजे खरंच गोड लागतं?"

"एकदम! तीच तर गंमत आहे, की विष असून..." आणि ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मान वर केली, खिडकीकडे. पिनू खुळखुळा टाकून पुन्हा खोक्यावर उभी होती, गज धरून. नेहमीसारखा हात बाहेर काढला तिने. मास्तरांनी सवयीने आपला हात हलवायला उचलला आणि तो तसाच अर्ध्यावर राहिला. पलीकडून मावशी म्हणाल्या, "काय हो मास्तर, सुपरवायझरला सलाम नाही आज?" मी जिना कसा चढले ते आठवत नाही. मागून मास्तर म्हणत होते, वहिनी, ऐका, तुम्हाला काय माहीत, कुणालाच काय माहीत. आणि मग हळू आवाजात, "त्यांना मी सांगू का?" नको, मी म्हटलं. मी सांगते.

मी सांगितलं नाही. तो आला, त्याने दवाखान्याचा कागद वाचला, आकडा दोनदा वाचला आणि खाली बसला. एवढा मोठा माणूस, पाट्यांची पोती एका हाताने उचलणारा, गुडघ्यात डोकं घालून रडला. "माझा तवा," म्हणाला. "माझ्या तव्याचा धूर. मी रोज तिच्या तोंडाखाली पेटवतोय." माझ्या जिभेवर शब्द होते. तवा तुझा, पण साखर मी केली. नुसती काजळी कडू असती, तिने एकदा चाटली असती आणि थुंकली असती. मी ती दोन वेळा पुसून, निवडून, गोड करून तिच्या ओठांच्या उंचीवर मांडून ठेवली. हे सगळं एका क्षणात माझ्या मनात अगदी सरळ रचलेलं होतं, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "असं नको म्हणूस." एवढंच. त्याने माझा हात धरला, गालाला लावला. त्या हाताला व्हिनेगरचा वास होता. त्याला तो वास स्वच्छतेचा वाटला असेल.

दुसऱ्या दिवशी त्याने तवा हलवला. गावाबाहेर एक पडीक शेड शोधली, दोन खेपांत तव्याचं सगळं नेलं, पाट्या, शेगडी, पोती. मास्तरांचं ऍसिड आणि मावशींची पकड मात्र खाली अंगणातच राहिली. तव्याच्या जागी फक्त काळा चौकोन उरला. संध्याकाळी वर येऊन म्हणायचा, आता हवा बघ किती स्वच्छ, आणि पिनूला उचलून खिडकीशी नेऊन मोठा श्वास घ्यायला लावायचा, असा, असा, नाकाने. मी आधीच तो दगड साबणाने घासला होता, नुसत्या पाण्याने सात वेळा धुतला होता, फडकं आणि बाटली कचऱ्यात टाकली होती, आणि मग दगडावर जाड प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली होती. खोकंही फेकलं. ह्या सगळ्याला तो एकदाच म्हणाला, "बरं केलंस. तुझं लक्ष असतं म्हणून." त्या वाक्यानंतर मी सांगू शकले असते. आणखी एक जागा होती ती. अशा जागा येत गेल्या आणि मी त्या ओलांडत गेले, आणि प्रत्येक ओलांडलेल्या जागेने पुढची जास्त अवघड केली. आता तो शेडवरून येतो तेव्हा बाहेरच्या नळावर अंघोळ करतो, कपडे बाहेर ठेवतो, मुलीला जवळ घ्यायच्या आधी हात नाकाशी नेऊन हुंगतो. अपराधी माणसासारखा हुंगतो. मी बघत असते.

औषधाच्या गोळीचं टरफल उघडून आतली पूड दुधात घालायची. त्या पुडीला सडक्या अंड्याचा वास येतो. पिनू ओठ घट्ट मिटून मान फिरवते, मी नाक धरते, ती घुसमटते, अर्धं माझ्या अंगावर. नको, ती म्हणते, नको. शब्द आहे म्हणून मला त्या क्षणीही बरं वाटतं. एकोणीस दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं, आकडा एकतीस झाला. मी बाईंकडे असं बघितलं, जसं शाळेत पहिला नंबर आल्यावर बघतात. बाई म्हणाल्या, चांगलं आहे, पण चढेल पुन्हा थोडा, हाडांतून. नवा शब्द काही? त्यांनी विचारलं. मांजराचं चित्र, मी म्हटलं, मी दाखवते रोज. आणि? बघते, मी म्हटलं. चित्राकडे बघते. त्यांनी तेही लिहून घेतलं. मला त्यांना सांगायचं होतं, की थेंब कागदावर टाकल्यावर थांबावं लागतं, कधी कधी रंग फार उशिरा येतो. पण खरं तर तो उशिरा येत नाही. आला तर लगेच येतो. हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मी खाली कित्येकदा डोळ्यांनी पाहून, क्षणही न दवडता सांगितलं आहे, की नाही काही, फेका.

नवऱ्याचा मात्र विश्वास. तो रोज दुपारी जेवायला आला की दारातूनच विचारतो, "काही बोलली?" आणि मी म्हणते, आज गजाकडे बघून हसली. किंवा, आज स्वतःहून चमचा धरला. तो मान हलवतो. "येईल गं. धूर बंद झाला ना, आता येईल. मेंदूला हवा मिळाली की येतंच." मास्तर हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलतात. कागद पुढे करतात, मी बघते, सांगते. एकदा मी कागद हातात धरून उभी राहिले, बराच वेळ, तेव्हा त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, अगदी बाईंनी पिनूच्या हातातून घेतला होता तसा, आणि म्हणाले, "राहू दे वहिनी, मी बघतो."

काल दुपारी. मी ताटं घेत होते. खाली नवऱ्याचा आवाज आला, नळ सुरू झाला. पिनू मोरीतून तिची छोटी बादली ओढत खोलीत आणत होती, फरशीवर खरखर आवाज करत. मी म्हटलं, काय गं, कुठे निघाली स्वारी? तिने बादली खिडकीपाशी आणली, पालथी घातली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणायची, पालथी घालायची, वर चढायचं, तीन गोष्टी एकामागोमाग, तिने ठरवून केल्या, आणि मला वाटलं, बघ, विचार करतेय. ताट तसंच हातात. ती चढली, गज धरले, हनुवटी टेकवली, जीभ काढली. प्लास्टिकवरून जीभ नेली, डावीकडून उजवीकडे. थांबली. पुन्हा नेली, उलटी. मग बोटाने कडेची चिकटपट्टी खरवडली. मी पुढे झाले नाही. कळत होतं आता खाली काही नाही, स्वच्छ दगड आहे, आणि तरी माझे पाय जिथल्या तिथे. ती वळली. तिचा चेहरा मी इतका पूर्ण, इतका जागा, कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. कपाळावर आठी, डोळे थेट माझ्यावर, ओठ शब्दासाठी जुळून येत असलेले. मी ते येताना बघितलं. एक, आणि त्याला लागून दुसरा, आणि त्याला लागून तिसरा.

"आई, गोड कुठंय?"

दारात नवरा उभा होता. डोकं ओलं, खांद्यावर पंचा. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा, कुणाला सांगता आलं नसतं. "ऐकलंस? अगं, ऐकलंस का? अख्खं वाक्य बोलली!" त्याने धावत जाऊन तिला बादलीवरून उचललं, हात हुंगायचे विसरून, वर उंच धरलं, खिडकीतून ओरडला, "मास्तर! मावशी! सुपरवायझर बोलल्या!" खालून मावशींची आरोळी आली. मास्तरांचा आवाज आला नाही. "परत म्हण पिनू, परत एकदा, बाबाला म्हण," तो तिच्या पोटात नाक खुपसत होता, आणि ती त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, वाट बघत, अगदी शहाण्या मुलीसारखी, की आई म्हणजे जी वस्तू ठेवते आणि काढून घेते ती, तिलाच माहीत असणार. तिने पुन्हा म्हटलं. जसंच्या तसं, प्रश्नासकट. मग तो माझ्याकडे वळला. इतका उजळलेला चेहरा मी त्याचा तिच्या जन्माच्या दिवशी पाहिला होता.

"काय मागतेय गं ती?" तो म्हणाला. "दे ना तिला."